न बोलण्याचा शिष्टाचार

बेसबॉलचे जे नियम पुस्तकात छापलेले आहेत, त्यांच्या जोडीला न छापलेल्या नियमांची एक भलीमोठी संहिता अमेरिकेतील खेळाडू पिढ्यान्‌पिढ्या पाळत आले आहेत, आणि ती मोडणाऱ्याला शिक्षा करण्याचे काम पंचाकडे नसून प्रतिस्पर्धी पिचरकडे, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याकडे असते, जो पुढच्या खेपेस चेंडू सरळ अंगावर टाकतो. होमरन मारल्यावर, म्हणजे चेंडू थेट कुंपणापलीकडे धाडल्यावर, फलंदाजाने त्याच्याकडे कौतुकाने पाहत उभे राहू नये, बॅट ऐटीत भिरकावू नये, सामना हाती आल्यावर हरणाऱ्याला आणखी खिजवू नये, अशी त्यातली कलमे आहेत. ऑक्टोबर २०१५ मध्ये टोरांटोच्या होसे बाउतिस्ताने टेक्ससविरुद्ध मोक्याच्या क्षणी होमरन मारून बॅट हवेत फेकली, तेव्हा टेक्ससच्या संघाने ती गोष्ट सात महिने मनात ठेवली आणि मे २०१६ मध्ये आधी चेंडू अंगावर मारून व मग भर मैदानात जबड्यावर ठोसा लगावून हिशेब चुकता केला.

या संहितेतले सर्वांत विलक्षण कलम मात्र मौनाचे आहे. एखादा पिचर ‘नो-हिटर’च्या वाटेवर असला, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांपैकी एकालाही त्याच्या चेंडूवर एकही यशस्वी फटका मिळालेला नसला, तर डाव जसजसा पुढे सरकतो तसतसे त्याचे सहकारी त्याच्यापासून दूर सरकतात, बाकावर त्याच्या शेजारची जागा मोकळी ठेवतात आणि जे घडत आहे त्याचा चुकूनही उच्चार करत नाहीत. धावफलकावर शून्य लखलखत असते, हजारो प्रेक्षक तेच पाहत असतात, घरोघरी दूरचित्रवाणीसमोर तीच चर्चा चालू असते, आणि ज्याच्याविषयी हे सारे चालले आहे तो मनुष्य भरलेल्या बाकावर एकटा बसलेला असतो. बोलले की दृष्ट लागते, असा हा समज आहे. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट न बोलणे हाच जिथे सभ्यपणा ठरतो, त्या खेळात दोन पुरुष खेळाडूंच्या परस्परप्रेमाची कादंबरी लिहायची झाली, तर तिचा संघर्ष कुठे असणार हे या एका कलमातच सांगितलेले आहे.

के. डी. केसी यांची २०२१ मध्ये कॅरिना प्रेसने प्रसिद्ध केलेली ‘अनरिटन रूल्स’ ही कादंबरी नावापासूनच या संहितेकडे बोट दाखवते. तिला क्वीअर स्पोर्ट्स रोमान्स असे म्हटले जाते, आणि या तीन शब्दांपैकी प्रत्येकाला थोडे थांबून पाहणे आवश्यक आहे. स्त्री-पुरुष संबंधांच्या रूढ चौकटीत न बसणाऱ्या सर्व लैंगिकतांसाठी आणि लिंगभावांसाठी वापरला जाणारा ‘क्वीअर’ हा शब्द एकेकाळी शिवी होता आणि ज्यांना ती दिली जात असे त्यांनीच पुढे तो आपला म्हणून उचलला. ‘रोमान्स’ हा येथे नुसता प्रेमकथेचा पर्याय नाही. इंग्रजी प्रकाशनव्यवसायात तो एका ठरीव वाङ्मयप्रकाराचा निर्देश करतो, ज्यात प्रेम हाच कथेचा कणा असतो आणि शेवट समाधानाचा व आशेचा असतो, आणि ही शेवटची अट लेखकाने मोडली तर वाचक ती फसवणूक मानतात. ‘स्पोर्ट्स’ या शब्दाने या प्रकारात सहसा एवढेच सूचित होते की नायकाचे शरीर कमावलेले आहे आणि त्याच्या हाती पैसा खेळतो. अशा कादंबऱ्यांत खेळ पुष्कळदा पडद्यासारखा मागे टांगलेला असतो, आणि आइस हॉकीच्या जागी वॉटर पोलो घातला तरी कथेला कुठे खरचटत नाही. केसी यांच्या कादंबरीचे वेगळेपण हे की तिच्यातून बेसबॉल काढता येत नाही.

कथा अशी: झॅक ग्लासर हा ओकलंडच्या एका काल्पनिक संघात कॅचर आहे. तो ज्यू आहे, त्याला ऐकू कमी येते आणि तो समलिंगी आहे. या तीनपैकी तिसरी गोष्ट त्याने घरी सांगितलेली नाही आणि संघातही नाही. यूजेनिओ मोरालेस हा त्याच संघात आलेला दुसरा कॅचर. दोघांचे प्रेम जुळते, पण झॅकला ते उघड करण्याचे धैर्य होत नाही, आणि लपूनछपून जगण्याला कंटाळलेला यूजेनिओ संघाकडे मागणी करून दुसऱ्या संघात निघून जातो. तीन वर्षांनी मोसमाच्या मध्यावर भरणाऱ्या, निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यासाठी दोघांचीही निवड होते, आणि ते पुन्हा समोरासमोर येतात. भूतकाळ आणि वर्तमान अशा दोन पट्ट्यांत कथा विणलेली आहे, त्यामुळे वाचकाला तुटणे आधी कळते आणि जुळणे नंतर दिसते.

नायक कॅचर असणे हा या कादंबरीतला सर्वांत नेमका निर्णय म्हटला पाहिजे. क्रिकेट जाणणाऱ्या वाचकाला कॅचर म्हणजे यष्टिरक्षक असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि जागेपुरते ते खरेही आहे, परंतु क्रिकेटमध्ये चेंडू कसा टाकायचा हे गोलंदाज ठरवतो, तर बेसबॉलमध्ये ते बहुतेक वेळा कॅचर सुचवतो. तो फलंदाजाच्या मागे उकिडवा बसतो, आणि २०२२ पर्यंत तो उजवा हात मांड्यांच्या आडोशाला नेऊन बोटांनी खूण करत असे: सामान्यतः एक बोट म्हणजे वेगवान सरळ चेंडू, दोन म्हणजे वळणारा. साडेसाठ फुटांवर उभ्या असलेल्या पिचरला ती बोटे दिसावी लागत आणि बाजूच्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरील थांब्यावर, टपून असलेल्या प्रतिस्पर्ध्याला ती दिसून चालत नसे. रात्रीच्या दिव्यांत ती नीट दिसावीत म्हणून कॅचर आपल्या नखांना पांढरे किंवा झगझगीत रंगाचे नेलपॉलिश लावत. पुरुषीपणाच्या कल्पनांनी घट्ट बांधलेल्या ड्रेसिंग रूममध्ये सामन्यापूर्वी एक धिप्पाड पुरुष बाकावर बसून नखे रंगवत असे आणि त्याला कुणी हसत नसे, कारण ते कामाचे होते. कोणती कृती बायकी आणि कोणती मर्दानी, हे कृतीवरून ठरत नसून ती कशासाठी केली यावरून ठरते, हे लिंगभावाच्या अभ्यासकांनी ग्रंथ लिहून सांगितलेले तत्त्व त्या छोट्याशा बाटलीत सामावलेले आहे.

कॅचरचे दुसरे कसब ‘फ्रेमिंग’ या नावाने ओळखले जाते. होम प्लेट ही जमिनीत बसवलेली, सतरा इंच रुंदीची पांढरी रबरी पाटी, आणि तिच्या वर कल्पिलेल्या चौकटीतून चेंडू गेला तर तो ‘स्ट्राइक’, म्हणजे पिचरच्या फायद्याचा. चौकटीच्या किंचित बाहेरून आलेला चेंडू झेलताना कॅचर मनगट इतक्या अलगद आत वळवतो की मागे वाकून पाहणाऱ्या पंचाला तो आतूनच आला असे वाटावे. पंचाच्या नाकासमोर, रात्रीतून पुन्हा पुन्हा, जे नाही ते आहे असे भासवण्याची ही कला अंगी बाणलेल्या माणसाने स्वतःचे आयुष्यही फ्रेम करावे, म्हणजे काठावरचे हलकेच आत ओढून सगळे चौकटीतच आहे असे दाखवावे, यात आश्चर्य ते काय? व्यवसायाने शिकवलेले हात घरीही तेच करतात. कॅचरच्या मुखवट्याला, छातीच्या ढालीला आणि पायांच्या पॅडना खेळाडू थट्टेने ‘अज्ञानाची अवजारे’ म्हणतात, कारण शहाणा मनुष्य ही जागा मागून घेणार नाही. प्रत्यक्षात मैदानावर सर्वांत जास्त माहिती याच माणसाला ठेवावी लागते आणि सर्वांत जास्त लपवावीही लागते.

त्यात झॅकला ऐकू कमी येते. बेसबॉलमधल्या खुणांचा इतिहास बहिरेपणाशी निगडित असल्याची एक जुनी आख्यायिका आहे: विल्यम हॉय हा पूर्ण बहिरा खेळाडू १८८८ ते १९०२ या काळात वरच्या पातळीवर खेळला, आणि त्याला कळावे म्हणून पंच हाताने निर्णय दाखवू लागले, असे सांगितले जाते. इतिहासकारांना ही व्युत्पत्ती मान्य नाही, पण आख्यायिका टिकून राहिली, आणि खेळाडूंनी हॉयला ठेवलेले ‘मुका’ या अर्थाचे टोपणनावही टिकून राहिले. आजच्या खेळात पिचर आणि कॅचर मैदानाच्या मध्यभागी सल्लामसलत करायला भेटतात, तेव्हा ओठांवरून कुणी शब्द ओळखू नयेत म्हणून दोघेही तोंडावर चामडी ग्लोव्ह धरतात. ज्याला कमी ऐकू येते त्याला समोरच्याचे ओठ दिसणे किती गरजेचे असते हे लक्षात घेतले, की झाकलेल्या तोंडाने चाललेले ते संभाषण कसे पोहोचत असेल याचा अंदाज येतो. बोलणे चालू आहे, पण ते बोलणे आहे हे दिसू द्यायचे नाही: झॅक आणि यूजेनिओ यांच्या नात्याची अवस्था याहून निराळी नाही.

आणखी एक बारकावा बेसबॉलशी परिचय नसलेल्या वाचकाच्या नजरेतून निसटण्यासारखा आहे. एका संघात सहसा दोन कॅचर असतात, आणि सामन्यात त्या जागेवर एका वेळी एकच उभा राहतो. म्हणजे हे दोन प्रेमिक एकाच संघात असूनही खेळ चालू असताना क्वचितच बरोबर मैदानावर असतील, आणि एकाला संधी मिळाली तर दुसऱ्याला बाकावरून पाहावे लागेल. पीटर लेफकोर्ट यांच्या ‘द ड्रेफस अफेअर’ या १९९२ च्या कादंबरीत याच्या नेमकी उलट मांडणी होती. तिचा नायक रँडी ड्रेफस हा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा राखणारा, आणि त्याचे प्रेम जडते ते दुसरा बेस सांभाळणाऱ्या डी. जे. पिकेटवर. या दोन जागा मिळून ‘डबल प्ले’ करतात: एकाने जमिनीवरून चेंडू उचलायचा, न पाहता दुसऱ्याच्या वाटेत टाकायचा, दुसऱ्याने धावत येऊन बेसला पाय लावत तो पहिल्या बेसकडे फेकायचा, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच दोन गडी बाद. दुसरा कुठे असेल हे ठाऊक असण्याची ही सवय प्रेमाच्या इतकी जवळची आहे की लेफकोर्ट यांना फारसे काही रचावे लागले नसावे. ते दोघे डॅलसमधल्या एका बड्या दुकानाच्या कपडे घालून पाहण्याच्या खोलीत कॅमेऱ्यात सापडतात आणि मग प्रकरण पेटते. शीर्षकातला श्लेष फ्रान्समधल्या १८९४ च्या ड्रेफस खटल्याकडे निर्देश करतो, ज्यात एका ज्यू कप्तानाला खोट्या आरोपावरून देशद्रोही ठरवले गेले होते. कादंबरी उपहासाची आहे आणि उपहास म्हणून चांगली उतरली आहे. परंतु तिचे लक्ष प्रेमिकांपेक्षा त्यांच्याभोवतीच्या गदारोळावर अधिक आहे. रिचर्ड ग्रीनबर्ग यांचे २००२ चे ‘टेक मी आउट’ हे नाटकही, ज्याला २००३ मध्ये सर्वोत्कृष्ट नाटकाचा टोनी पुरस्कार मिळाला, एका तारांकित खेळाडूने जाहीर कबुली दिल्यानंतर संघाचे काय होते हे विचारते. त्या खेळाडूच्या शय्येत कोण आहे, याकडे ते वळत नाही. कबुलीचे नाट्य बाहेरच्यांना दिसते, संसार दिसत नाही, आणि ही रिकामी जागा रोमान्सने भरली.

केसी यांच्या कथेत दोघांना तोडणारी गोष्ट खलनायक नाही, ‘ट्रेड’ आहे. ट्रेड म्हणजे संघांमधली खेळाडूंची अदलाबदल: खेळाडूचा करार एका मालकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि बहुतेकांना त्यात काही बोलण्याचा अधिकार नसतो. सकाळी एका शहरात नाश्ता करणारा मनुष्य संध्याकाळी दोन हजार मैलांवर दुसऱ्या रंगाचा गणवेश चढवतो. वर्षाला १६२ सामने, त्यातले निम्मे परगावी, आणि त्यावर ही टांगती तलवार. विवाहित खेळाडूच्या पत्नीला निदान पत्नी म्हणून सामान बांधता येते, लपवलेल्या जोडीदाराला तेही नाही. यूजेनिओ ट्रेड स्वतः मागतो, आणि त्यामुळे ती प्रेमभंगाची भाषा बनते: तोंडाने जे सांगता आले नाही ते व्यवस्थापनाच्या कचेरीतून सांगितले जाते.

इतिहासात ट्रेडने हेच काम उलट्या हाताने केलेले आहे. ग्लेन बर्क हा लॉस एंजेलिस डॉजर्सचा आउटफील्डर, म्हणजे कुंपणाजवळचा क्षेत्ररक्षक, आणि तो समलिंगी असल्याचे संघातल्या अनेकांना ठाऊक होते. २ ऑक्टोबर १९७७ रोजी डस्टी बेकरने मोसमातला आपला तिसावा होमरन मारला आणि एकाच मोसमात प्रत्येकी तीस होमरन मारणारे चार फलंदाज असलेला डॉजर्स हा पहिला संघ ठरला. पुढचा फलंदाज म्हणून होम प्लेटजवळ उभ्या असलेल्या बर्कने बेकरला येताना पाहून हात डोक्याच्याही वर, मागे झुकवून उभारला, आणि काय करावे हे न सुचून बेकरने त्यावर टाळी दिली. जगभर ‘हाय फाइव्ह’ म्हणून पसरलेल्या टाळीचा उगम बहुतेक जण येथे मानतात. बर्कने पुढे सांगितल्यानुसार, महाव्यवस्थापक अल कॅम्पानिस यांनी त्याला लग्न केल्यास मधुचंद्रासाठी ७५,००० डॉलर देऊ केले होते, आणि त्याने ते नाकारले. मे १९७८ मध्ये त्याची रवानगी ओकलंडला झाली, त्याच्या बदल्यात बिल नॉर्थ आला. ओकलंडमध्ये त्याचा निभाव लागला नाही. १९८० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने खेळ सोडला, १९८२ मध्ये एका नियतकालिकातून उघडपणे आपली ओळख सांगितली, आणि १९९५ मध्ये एड्सशी निगडित आजाराने त्याचा अंत झाला. केसी यांच्या नायकाचा संघ ओकलंडचाच असावा, हा योगायोग मानायचा की जाणीवपूर्वक वाहिलेली ओंजळ, हे वाचकाने ठरवावे.

त्याच १९९५ मध्ये सॅन डिएगोच्या बिली बीन या खेळाडूचा जोडीदार मरण पावला, आणि बीन त्याच्या अंत्यविधीला गेला नाही, कारण सामना होता आणि गैरहजेरीचे कारण सांगणे म्हणजे सगळेच सांगणे होते. तो वर्ष संपताना निवृत्त झाला, १९९९ मध्ये त्याने आपली ओळख जाहीर केली आणि २०१४ मध्ये मेजर लीग बेसबॉलने, म्हणजे या खेळाच्या सर्वोच्च पातळीच्या संघटनेने, समावेशनाचा पहिला दूत म्हणून त्याची नेमणूक केली. लीगसाठीच काम करत २०२४ मध्ये तो रक्ताच्या कर्करोगाने गेला. बर्कला टाळी मिळाली आणि मग दार बंद झाले. बीनला दार मिळाले, पण तोवर ज्याच्यासाठी ते उघडायचे तो उरला नव्हता.

या पार्श्वभूमीवर रोमान्सच्या सक्तीच्या सुखान्ताकडे पाहिले म्हणजे त्याच्यावरचा नेहमीचा आक्षेप थोडा पातळ होतो. आक्षेप असा की शेवट आधीच ठाऊक असलेल्या कथेत जोखीम नसते, आणि जोखीम नसलेले वाङ्मय मनोरंजनाच्या पायरीवर थांबते. सर्वसाधारण रोमान्सबाबत हे मान्य करता येईल. परंतु इंग्रजीतील समलिंगी प्रेमाच्या कथांचा शेवट दीर्घकाळ आधीच ठरलेला होता: मरण, तुरुंग किंवा वेगळे होणे. पॅट्रिशिया नेल वॉरन यांची १९७४ ची ‘द फ्रंट रनर’ ही धावपटू आणि त्याचा प्रशिक्षक यांच्या प्रेमाची कादंबरी प्रचंड खपली, पण तिच्यातल्या प्रेमालाही रक्ताची किंमत द्यावी लागली. ज्या कथांचा अंत शोकात होणार हे वाचकाला पहिल्या पानापासून कळत असे, त्यांना कुणी यांत्रिक म्हटले नाही. सुखाच्या बाजूने ठरवलेला शेवट तेवढा यांत्रिक, हा न्याय तपासून पाहण्यासारखा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पुरुषांमधल्या प्रेमाचे रोमान्स मोठ्या प्रमाणावर स्त्रिया लिहितात आणि स्त्रिया वाचतात, आणि त्यामुळे समलिंगी पुरुष त्यात माणूस न राहता स्त्रीवाचकाच्या इच्छेचा आरसा होतो, असे काही समलिंगी वाचक म्हणतात. या तक्रारीत तथ्य आहे, विशेषतः जिथे दोन्ही नायक एकाच साच्यातून काढलेले, सारखेच देखणे आणि सारखेच निर्वंश, म्हणजे आईबाप-भावंडे-गाव काही नसलेले असतात. झॅक मात्र निर्वंश नाही. आपल्या माणसांचे प्रेम गमावण्याची भीती हीच त्याची अडचण आहे. त्यांच्याशी वैर असते तर निर्णय सोपा होता. या प्रकारातल्या अनेक कादंबऱ्यांना कुटुंब म्हणजे एक तर राक्षस किंवा इंद्रधनुषी झेंडा घेऊन दारात उभी राहिलेली मंडळी एवढेच सुचते, आणि त्यामानाने ही दुविधा खरी वाटते.

बेसबॉलमध्ये धाव पूर्ण होते ती होम प्लेटवर, म्हणजे ‘घरी’ परतल्यावर. ज्या जागेवरून निघायचे तिथेच पोहोचायचे, आणि मधल्या तीन बेसवर कितीही काळ तग धरला तरी घर गाठले नाही तर खात्यात काही जमा होत नाही. बर्कच्या आत्मकथनाचे ‘आउट ॲट होम’ हे नाव याच शब्दावर खेळते. आणि घराच्या उंबऱ्यावर मुखवटा चढवून बसलेला, येणाऱ्याला आत शिरू न देण्यासाठी नेमलेला मनुष्य म्हणजे कॅचर. ज्याचा सारा जन्म दुसऱ्यांना घराबाहेर अडवण्यात गेला, त्यानेच कुणाला तरी घरी ये म्हणायचे आहे, ही झॅकची गोष्ट आहे, आणि म्हणून ती लांबलेली वाटत नाही.

कादंबरी प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्याच वर्षी, २०२२ च्या मोसमात, मेजर लीगने ‘पिचकॉम’ नावाचे उपकरण वापरायला परवानगी दिली. कॅचर मनगटावरची किंवा गुडघ्याजवळच्या पॅडवरची कळ दाबतो आणि पिचरच्या टोपीतल्या बारीक स्पीकरमधून सूचना कानात बोलली जाते. बोटे लपवण्याची आणि नखे रंगवण्याची गरज त्यामुळे पुष्कळशी संपली. ओळख लपवण्याची गरज तेवढ्या सहज संपत नाही. २०१५ मध्ये डेव्हिड डेन्सनने मिल्वॉकीच्या खालच्या पातळीवरील संघात असताना आणि त्याच वर्षी शॉन कॉनरॉयने सोनोमाच्या एका स्वतंत्र संघातून आपली ओळख उघड केली. मेजर लीगमध्ये खेळत असताना हे जाहीरपणे सांगणारा खेळाडू मात्र अजून एकही झालेला नाही. ग्लेन बर्कच्या नावावर मेजर लीगचे २२५ सामने आणि दोन होमरन नोंदलेले आहेत; त्यांपैकी पहिला त्याने त्या टाळीनंतर लगेच, त्याच डावात मारला होता, आणि तो परत आला तेव्हा बेकरने आपला हात वर धरलेला होता.